बऱ्याच वर्षांनी स्टेजवर येणाऱ्या गायकाचा लाइव्ह अल्बम कसा करायचा, सांगलीत केलेल्या कामावरून

आमच्या गल्लीत एक काका राहतात. ऐंशीच्या दशकात सांगली मिरज तासगाव इस्लामपूर, पार कराड साताऱ्यापर्यंत ऑर्केस्ट्रात गायचे, आणि त्यांची ओळख एकच, रॉक अँड रोल. बाकीचे गायक किशोर रफी म्हणायचे आणि हे गिटार गळ्यात अडकवून इंग्रजी गाणी आणि त्याच ठेक्यातली हिंदी गाणी म्हणायचे, गणपतीत पोरं त्यांच्या नंबरसाठी शेवटपर्यंत थांबायची. मग घरचा व्याप, मग घशाचा त्रास, मग सवयच मोडली. चोवीस वर्षं माइकला हात लावला नव्हता. त्यांच्या जुन्या कार्यक्रमांच्या तीन कॅसेट होत्या त्या २०१९ च्या महापुरात गेल्या. मी बघितल्यात त्या, कपाटातून काढल्या तेव्हा खिडकीच्या आतनं गाळ दिसत होता आणि टेप एकमेकाला चिकटून वडी झाली होती. म्हणजे हा माणूस कसा गायचा याचा एकही पुरावा शिल्लक नव्हता.

गेल्या फेब्रुवारीत त्यांचे दोन कार्यक्रम केले आणि त्याचा लाइव्ह अल्बम केला. मी साउंडचं काम करतो, पण असं काम पहिल्यांदाच केलं, आणि त्यात जे कळलं ते इथं सविस्तर लिहितोय कारण प्रत्येक गावात असा एक तरी माणूस असतोच आणि त्याच्या आसपास मोबाईल, मिक्सर, लॅपटॉप असलेली चार पोरंही असतात.

आधी माणूस, मग माइक

सगळ्यात मोठी चूक म्हणजे थेट हॉल बुक करणे. आम्ही तेच करणार होतो. मग मी अमेरिकन रॉक अँड रोल गायक एल्विस प्रेस्लीच्या १९६८ च्या कार्यक्रमाबद्दल वाचलं आणि थांबलो.

ती हकिकत माहीत असू द्या कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. एल्विसने मार्च १९६१ मध्ये हवाईला एक कार्यक्रम केला आणि त्यानंतर सात वर्षं लोकांसमोर गायलाच नाही, नुसते पिक्चर केले. १९६८ ला एनबीसी टीव्हीसाठी बरबँकच्या स्टुडिओत कार्यक्रम ठरला तेव्हा तो तेहतीस वर्षांचा होता. तालमीनंतर तो ड्रेसिंग रूममध्ये मित्रांबरोबर बसून जुनी गाणी म्हणायचा, हसायचा, अर्धवट सोडायचा, आणि दिग्दर्शक स्टीव्ह बाइंडरला वाटलं की खरं गाणं तर इथं चाललंय. तिथंच शूटिंग करायची परवानगी मिळाली नाही म्हणून त्याने तीच खोली स्टेजवर आणली. छोटा चौकोनी कट्टा, चारी बाजूंनी लोक, मध्ये एल्विस आणि त्याचे जुने साथीदार, गिटारवर स्कॉटी मूर आणि ड्रमवाला डी जे फोंटाना. फोंटानाकडे ड्रमसेट नव्हता, तो गिटारच्या पेटीवर काठ्या वाजवत होता. २७ जूनला तसे दोन शो झाले. सुरू व्हायच्या आधी एल्विस प्रचंड घाबरलेला होता हे बाइंडरने नंतर बऱ्याचदा सांगितलंय. डिसेंबरात ते टीव्हीवर दिसलं, त्याच्या थोडं आधी रेकॉर्ड निघाली, आणि माणूस परत उभा राहिला.

यातनं मी काय घेतलं, तर तुमचा गायक कुठं मोकळा होतो ती जागा आधी शोधायची. काकांची ती जागा म्हणजे त्यांच्या जुन्या घराची लाकडी माडी. तिथं आम्ही दीड महिना दर रविवारी बसलो, मी, एक गिटारवाला, एक ढोलकीवाला जो आता ऑक्टोपॅड (काठ्यांनी वाजवायचा इलेक्ट्रॉनिक ड्रम) वाजवतो. एक छोटा रेकॉर्डर कोपऱ्यात चालू ठेवायचो आणि त्याबद्दल काही बोलायचो नाही. पहिल्या दोन रविवारी काका गायलेच नाहीत, चहा आणि जुन्या गोष्टी झाल्या. तिसऱ्याला स्वतः गिटार मागितली.

आणि तिथं एक गोष्ट लक्षात आली जी मी कुठल्याही पुस्तकात वाचून शिकलो नसतो. काका गाताना डावा पाय आपटतात. माडीच्या फळ्यांवर तो धप धप आवाज यायचा आणि त्यावरच त्यांचा सगळा ठेका उभा होता. पाचव्या रविवारी त्यांच्या सुनेने पाहुण्यांसाठी म्हणून सतरंजी अंथरली आणि त्या दिवशी काका प्रत्येक गाण्यात मागं पडायला लागले, ऑक्टोपॅडवाला म्हणतोय तुमची लय सुटतेय, काका म्हणतात तू पळतोयस. सतरंजी काढली, सगळं जागेवर. त्यांना स्वतःचा पाय ऐकू येत नव्हता एवढंच. म्हणून हॉलमध्ये स्टेजवरचं कार्पेट आम्ही त्यांच्या पायाखालनं गुंडाळलं आणि तीन बाय तीनचा प्लायचा तुकडा ठेवला. अल्बमभर तो पाय ऐकू येतो.

तेव्हा तालमी रेकॉर्ड करा आणि ऐका. आवाज कसा आहे ते नंतर बघू, माणूस कशावर टेकून गातो ते आधी शोधा. कुणाला स्वतः गिटार धरल्याशिवाय जमत नाही, कुणाला समोर एक ओळखीचा चेहरा लागतो.

पट्टी आणि गाण्यांचा क्रम

चोवीस वर्षांनी वरचे सूर तिथंच असतील ही आशा सोडा आणि गायकालाही प्रेमाने सोडायला लावा. काकांची पांढरी पाचची (पेटीवरची पाचवी पांढरी पट्टी) गाणी आम्ही पांढरी चारवर आणली, म्हणजे एक पूर्ण सूर खाली. त्यांना पहिल्यांदा अपमान वाटला. मी भांडलो नाही, दोन्ही पट्ट्यांत रेकॉर्ड करून त्यांनाच ऐकवलं, मग स्वतःच म्हणाले खालचंच चांगलं लागतंय.

यात गिटारवाल्याची अडचण होते ती बघा. रॉक अँड रोलची निम्मी मजा गिटारच्या मोकळ्या तारांत असते, गाणी ई आणि ए या पट्ट्यांमध्ये असतात ती त्याचसाठी. ती गाणी डी आणि जी मध्ये आणली की बोटांचे जुने आकार बदलतात आणि तो आवाज येत नाही. उपाय म्हणजे गिटारच पूर्ण एक सूर खाली उतरवायची, आकार तेच राहतात. तारा थोड्या जाड लावा नाहीतर सैल पडून बेसूर होतात. कीबोर्डवाला ट्रान्सपोजचं बटण दाबतो, त्याला काही त्रास नाही.

गाणी चौदाच्या वर नको. पहिलं गाणं असं की जे तो झोपेतसुद्धा म्हणेल, आणि ते त्याचं सगळ्यात गाजलेलं नसावं. पहिल्या गाण्यात हात थरथरतात, तोंड कोरडं पडतं, गाजलेलं गाणं तिथं वाया जातं. अवघड गाणी चौथ्यापासून आठव्यापर्यंत, तेव्हा गळा तापलेला असतो आणि दमलेला नसतो. मध्ये एक वाद्यांचा नंबर ठेवा म्हणजे दहा मिनिटं बसून कोमट पाणी पिता येतं.

दोन शो, एक नाही

याच्यावर मी अजिबात तडजोड करणार नाही. एकाच शोवर अल्बम टाकू नका. अमेरिकन गायक जॉनी कॅशने १३ जानेवारी १९६८ ला कॅलिफोर्नियाच्या फॉल्सम तुरुंगात रेकॉर्डिंग केलं, तेव्हा त्याचीही गाडी रुळावरनं उतरलेली होती आणि त्याच अल्बमने त्याला परत आणलं. त्या दिवशी त्याने दोन शो केले. अल्बममध्ये जवळपास सगळी गाणी पहिल्या शोचीच आहेत, दुसऱ्यातली अगदी मोजकी, पण दुसरा शो हाताशी आहे म्हटल्यावर पहिला मोकळेपणाने होतो. एल्विसनेही पुढच्या वर्षी ३१ जुलै १९६९ ला लास वेगासच्या इंटरनॅशनल हॉटेलमध्ये कार्यक्रम सुरू केले, चार आठवड्यांत ५७ शो, आणि लाइव्ह अल्बमसाठी रेकॉर्डिंग केलं ते ऑगस्टच्या शेवटी शेवटी, हात बसल्यावर. आपल्याला ५७ कुठून जमणार, पण शनिवार रविवार दोन संध्याकाळी जमतात. हॉलवाले दुसऱ्या दिवसाला थोडं कमी करतात, साउंड आणि लाइट लागलेलेच असतात.

काकांचा शनिवार बरा झाला, रविवार चांगला झाला. अल्बममध्ये अकरा गाणी रविवारची आणि दोन शनिवारची आहेत.

हॉल

फार मोठा हॉल नको. हजार खुर्च्यांत दोनशे माणसं बसली की टाळी विरून जाते, तीनशे खुर्च्यांत तीच दोनशे माणसं हॉल भरून टाकतात. रिकाम्या हॉलमध्ये एकदा मोठ्याने टाळी वाजवा, मागच्या भिंतीवरून ती वेगळी ऐकू आली तर जाड पडदे किंवा गोधड्या लावायची तयारी ठेवा. आपल्याकडं पत्र्याचं छत असलेली कार्यालयं भरपूर, तिथं पावसाळ्यात रेकॉर्डिंगचा विचारच करू नका. उघड्यावर करायचं तर ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे रात्री दहानंतर लाउडस्पीकर बंद, त्यामुळे साडेसहाला सुरू करा आणि पोलीस परवानगी आधी काढा.

पंखे. हे कुणी सांगत नाही. डोक्यावरच्या पंख्यांचा घरघर आवाज प्रेक्षकांच्या माइकमध्ये जातो आणि नंतर काढता येत नाही. फेब्रुवारी निवडला तो याचसाठी, संध्याकाळी पंखे बंद ठेवले तरी माणसं बसतात.

माइक आणि चॅनल

आजकाल बहुतेक साउंडवाल्यांकडं डिजिटल मिक्सर असतो आणि त्यातनं यूएसबी केबलने प्रत्येक चॅनल, म्हणजे प्रत्येक माइक किंवा वाद्याची लाइन, वेगळा लॅपटॉपमध्ये घेता येतो. हेच करा. सगळं मिक्स होऊन दोनच ट्रॅक मिळाले तर नंतर काही हलवता येत नाही. रेकॉर्डिंगचं सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. एका चॅनलला तासाला साधारण ५१८ एमबी लागतात, म्हणजे १६ चॅनल दोन तास धरले तर १७ जीबीच्या आसपास. डिस्कमध्ये त्याच्या तिप्पट जागा मोकळी ठेवा.

लेव्हल लावताना लक्षात ठेवा की साउंडचेकला कुणीच पूर्ण ताकदीने गात नाही, समोर लोक आले की आवाज सहा ते दहा डेसिबलनी वर जातो. म्हणून चेकला सगळ्यात मोठा आवाज मीटरवर मायनस १८ डेसिबलच्या आसपास ठेवा. कमी वाटेल, वाटू द्या. २४ बिटमध्ये हळू आवाज नंतर वाढवता येतो, पण फाटलेला आवाज परत शिवता येत नाही.

गायकाला तालमीत जो माइक दिला तोच शोला द्या. आम्ही साधा शुअर एसएम ५८ दिला, सगळ्या ऑर्केस्ट्रांत तोच असतो. जुने रॉक गायक माइकची जाळी मुठीत धरतात, त्याने आवाज बदलतो आणि शिट्टी वाजते, तालमीतच ती सवय सोडवा. मॉनिटर, म्हणजे गायकाला त्याचाच आवाज ऐकवणारा स्पीकर, माइकच्या बरोबर पाठीमागे, तिथं हा माइक सगळ्यात कमी ऐकतो.

आणि गायकाचा आवाज कोरडा रेकॉर्ड करा. ऑर्केस्ट्रावाल्यांना इकोची फार हौस, हॉलमध्ये हवा तेवढा द्या पण रेकॉर्डिंगच्या लाइनमध्ये तो जाऊ देऊ नका. रॉक अँड रोलचा जो ओळखीचा इको आहे, शब्दाच्या मागोमाग एकदाच येणारा, तो मेम्फिसच्या सन स्टुडिओत सॅम फिलिप्स दोन टेप मशीन वापरून करायचा. तो आता कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये १०० ते १३० मिलिसेकंदांचा एकच डिले लावून मिळतो. नंतर लावा, हवा तिथंच लावा.

लोकांचे माइक

आता मुख्य गोष्ट. आपल्याकडचं लाइव्ह रेकॉर्डिंग ऐकलं की गायक विहिरीच्या काठावर एकटा गातोय असं वाटतं, कारण लोकांचा आवाज नसतोच. मिक्सरमधनं घेतलं की झालं असं धरतात. पण बऱ्याच वर्षांनी परत आलेल्या माणसाच्या अल्बममध्ये लोक हे अर्धं गाणं आहे. ते काय करतात, कुठं गप्प होतात, कुठं ओळखून ओरडतात, आणि ते ऐकून गायकाचा गळा पुढच्या ओळीत कसा सुटतो, हे सगळं एकत्र ऐकू आलं तरच ते त्या संध्याकाळचं रेकॉर्डिंग.

रॉक अँड रोलचा पियानोवाला गायक जेरी ली लुइस, त्याचा जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या स्टार क्लबमधला अल्बम मिळवून ऐका, ५ एप्रिल १९६४ चा. तेरा वर्षांच्या नात्यातल्या मुलीशी केलेलं लग्न १९५८ साली उघड झाल्यावर त्याचे कार्यक्रम बंद पडले होते, मोठ्या थिएटरांतून तो छोट्या क्लबांत आला होता, आणि त्या रात्री तो पियानो असा बडवतो की अजून अंगावर येतं. रेकॉर्डिंगची मांडणी मात्र साधी होती. निर्माता सिगी लोखने माइक वाद्यांच्या जितके जवळ जातील तितके लावले आणि एक स्टिरिओ माइक प्रेक्षकांत ठेवला. बस. त्या एका माइकमुळे आपण त्या गर्दीत उभे राहतो.

आम्ही असं केलं. स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांत दोन माइक, उंच स्टँडवर, मोठ्या स्पीकरच्या थोडे मागे, तोंड लोकांकडं आणि पाठ गायकाकडं. तिसरा एक वेगळा रेकॉर्डर बाल्कनीच्या कठड्यावर. कोपऱ्यातले माइक पुढच्या रांगा पकडतात आणि बाल्कनीचा अख्खा हॉल पकडतो, दोन्ही लागतात. पुढच्या रांगेच्या फार जवळ नको, रविवारी दुसऱ्या रांगेतल्या एका आज्जींनी भडंगाची पुडी उघडली ती अल्बममध्ये सहाव्या गाण्याच्या सुरुवातीला स्पष्ट ऐकू येते. मी ती ठेवलीय, सांगलीचा कार्यक्रम आहे हे त्यावरून कळतं, पण दहा पुड्या असत्या तर अवघड होतं.

आवाजाला एक मीटर जायला साधारण तीन मिलिसेकंद लागतात. बाल्कनी वीस मीटरवर असेल तर तिथं गाणं जवळपास ६० मिलिसेकंद उशिरा पोचतं, आणि ते तसंच मिसळलं की सगळं दोनदा ऐकू येतं. म्हणून शो सुरू व्हायच्या आधी गायकाच्या माइकसमोर एकदा जोरात टाळी वाजवून ठेवा, सगळ्या ट्रॅकवर ती उमटते, नंतर ती बघून ट्रॅक पुढं मागं सरकवायचे. वेगळ्या रेकॉर्डरचं घड्याळ लॅपटॉपशी तंतोतंत जुळत नसतं, दोन तासांत फरक पडत जातो, त्यामुळे प्रत्येक गाणं स्वतंत्र जुळवा.

वीज

थोडक्यात सांगतो. लाइटचे डिमर आणि साउंड वेगवेगळ्या फेजवर घ्या, एकाच फेजवर असले की गिटारमध्ये भुंगा येतो. तो भुंगा घालवायला प्लगची अर्थिंगची पिन काढायची पद्धत आपल्याकडं आहे, कृपा करून करू नका, हातात गिटार आणि ओठाला माइक असताना माणूस जाऊ शकतो. डीआय बॉक्सवर (वाद्य मिक्सरला जोडायची छोटी डबी) ग्राउंड लिफ्टचं बटण असतं ते वापरा. लॅपटॉप चार्ज करून यूपीएसवर ठेवा, स्क्रीन बंद होण्याचं आणि अपडेटचं सेटिंग आधी काढून टाका. शनिवारी हेच झालं, दुसऱ्या गाण्यात लाइट गेली, जनरेटर चालू व्हायला चाळीस सेकंद लागले, लॅपटॉप चालू राहिला पण मिक्सर बंद झाला आणि रेकॉर्डिंग तुटलं. बाल्कनीतला रेकॉर्डर बॅटरीवर होता म्हणून अंधारातले ते चाळीस सेकंद आपल्याकडं आहेत. काका थांबले नाहीत, माइक नसताना पाय आपटत गात राहिले आणि लोक टाळ्यांनी ठेका धरून बसले. शनिवारच्या दोन गाण्यांतलं एक ते आहे. आवाज लांबून येतो, मग वीज येते आणि अचानक काका कानाजवळ येतात. रविवारी मिक्सरलाही यूपीएस लावला.

शोच्या वेळी

रेकॉर्डिंगला एक माणूस वेगळा पाहिजे, हॉलचा साउंड बघणाऱ्याने दोन्ही करू नये. त्याने वहीत वेळ आणि काय झालं ते लिहीत जायचं, ७.४२ तार तुटली, ७.५० वन्स मोअर, असं. नंतर फार उपयोग होतो.

गायकाला आज रेकॉर्डिंग आहे याची आठवण करून देऊ नका, आणि निवेदकाला तर बजावून सांगा की "आज हा कार्यक्रम रेकॉर्ड होत आहे, जोरदार टाळ्या" हे वाक्य उच्चारायचं नाही. सांगलीच्या प्रेक्षकाला टाळी कुठं द्यायची हे शिकवायची गरज नाही. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी मराठी नाटक उभं केलं ते या गावात, वन्स मोअर द्यायची रीत इथं घराघरात आहे. रविवारी नवव्या गाण्याला वन्स मोअर आला, काका नको नको म्हणत होते, मागून कुणीतरी ओरडलं "चोवीस वर्षं थांबलोय की ओ", आणि काका हसत हसत सुरू झाले, पहिली ओळ हसण्यातच गेली. बाल्कनीत तो रेकॉर्डर नसता तर ते वाक्य गेलं असतं.

नंतरचं काम

आठवडाभर फाइलला हात लावू नका. मग ऐका आणि गाणी निवडताना सूर बरोबर कुठं आहे हे दुसऱ्या नंबरला ठेवा, माणूस कुठं हजर आहे हे पहिल्या.

दुरुस्ती किती करायची यावर आमच्यात खूप वाद झाला. गिटारवाल्या पोराचं म्हणणं, दोन तीन सूर खाली लागलेत ते सॉफ्टवेअरने वर करू, कुणाला कळणार नाही. मी नाही म्हटलं. मिरजेत तंबोरा करणाऱ्या कारागिराकडं कधी बसला असाल तर जवारी कशी लावतात बघितलं असेल, घोडीवर कानसीने घासून घासून, दोरा सरकवून, ती तार झणझणेपर्यंत. ती झणझण म्हणजेच तंबोरा, ती काढून टाकली तर नुसती तार उरते. काकांच्या आवाजाला आता जी खरखर आहे ती तिशीत नव्हती, आणि कोमल जागांवर ती अशी काही बोलते की तरुण गळ्याला ते येणारच नाही. ते गुळगुळीत करून काय मिळवायचं.

आम्ही काढलं ते एवढंच: एका फोनची रिंग, दोन ठिकाणची फीडबॅकची शिट्टी, आणि गाण्यांमधलं वाद्य जुळवणं. टाळ्या सहा ते दहा सेकंद ठेवून हळू उतरवल्या. टाळ्या कुठून आणून चिकटवल्या नाहीत. फॉल्समच्या अल्बममध्येसुद्धा एका ओळीनंतर कैद्यांची जी आरोळी ऐकू येते ती नंतर जोडलेली होती. अल्बम थोर आहे, पण हे कळल्यावर ती ओळ मला पूर्वीसारखी ऐकता येत नाही. तुमच्या लोकांनी जे दिलं तेच ठेवा.

लोकांचे माइक गाण्यात अगदी हळू, ओळी संपताना थोडे वर, टाळ्यांना पूर्ण वर, हे हाताने करायचं, प्रत्येक गाण्याला दोन तास जातात. शेवटचा आवाज मायनस १४ एलयूएफएसच्या (गाण्याचा सरासरी मोठेपणा मोजायचं माप) आसपास ठेवा, यूट्यूब वगैरे साधारण तिथंच आणून ठेवतात, उगाच दाबून मोठं करून उपयोग नाही.

हक्कांचं आधी बघा. दुसऱ्यांची गाणी स्टेजवर म्हणायला आयपीआरएसचं (गीतकार-संगीतकारांचे हक्क बघणारी संस्था) लायसन्स लागतं, आणि रेकॉर्ड करून बाहेर काढायला त्या गाण्याचे हक्क ज्यांच्याकडं आहेत त्यांची वेगळी परवानगी. प्रत्येक वादकाकडून लेखी संमती घ्या, गल्लीतलाच असला तरी. आमच्या तेरापैकी चार गाण्यांची परवानगी झालीय, बाकी अल्बम सध्या घरच्या माणसांपुरता आहे.

गायकाला पहिल्यांदा ऐकवताना दहा जण गोळा करू नका. मी माडीवर स्पीकर लावला आणि खाली चहा करायला गेलो. वरून आधी गाणं ऐकू येत होतं, मग थोड्या वेळाने फळ्यांवर धप धप सुरू झालं.

कॉपी तीन करा, वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा, आणि मिक्स केलेल्या गाण्यांबरोबर सगळे मूळ ट्रॅकही ठेवा. आमची एक माझ्याकडं आहे, एक ऑनलाइन, आणि एक हार्ड डिस्क साताऱ्याला काकांच्या मुलीकडं, तिसऱ्या मजल्यावर.